मानाची यादी

गुरुवारी संध्याकाळी स्मृतीला तुमकूरचं कॉलेज लागलं, आणि ते घरातल्या कुणालाच नको होतं. जिला लागलं तिला नको होतं. ज्यांनी ते यादीत तिसरं घातलं होतं त्या जयसिंगरावांना, तिच्या आजोबांना, तर सगळ्यांत नको होतं.

तसं अजून काही हातचं गेलं नव्हतं. ती नुसती रंगीत तालीम होती. सीईटीचा निकाल लागला, की मुलांनी हव्या त्या कॉलेजांची क्रमानं यादी करून वेबसाइटवर भरायची. खऱ्या वाटपाआधी एकदा खोटं वाटप होतं, म्हणजे ही यादी अशीच ठेवलीत तर तुम्हाला हे मिळेल. त्यानंतर यादी बदलायला तीन दिवस. ते तीन दिवस आज रविवारी संध्याकाळी पाचला संपणार होते.

जगतापांच्या घरात यादी म्हटलं की ती जयसिंगरावांनीच करायची. सेहेचाळीस वर्षं त्यांनी चिकपेटेत लग्नपत्रिका छापल्या होत्या, उजव्या पानावर कन्नड आणि डाव्यावर मराठी. कुणाचं नाव कुणाच्या वर, कोणत्या आजीच्या आधी कोणती आजी, रुसलेला चुलता कुठे बसवला म्हणजे मांडवात येतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. बेंगळुरातल्या मराठ्यांच्या निम्म्या लग्नांत भांडणं झाली नाहीत ती आपल्यामुळे, असं ते म्हणत, आणि यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

तर स्मृतीची यादी त्यांनी तशीच लावली. शहरातलं सगळ्यांत जुनं कॉलेज पहिलं. ते मिळणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण पत्रिकेतल्या पहिल्या नावानं लग्नाला यावं अशी अपेक्षा तरी कोण करतं? दुसरं बसवनगुडीचं, कारण तिथं व्याह्यांचे भाऊ प्रिन्सिपॉल होते. तिसरं तुमकूरचं, कारण तिथं त्यांचा धाकटा मुलगा रणजीत शिकवत होता, आणि त्याचं कॉलेज खाली ढकललं तर त्याला काय वाटेल? वेबसाइटला हे नातेसंबंध ठाऊक नव्हते. तिनं वरून वाचायला सुरुवात केली, पहिली दोन कॉलेजं स्मृतीच्या रँकला मिळण्यासारखी नव्हती, तिसरं होतं. झालं. सिव्हिल इंजिनियरिंग, तुमकूर.

म्हणून आज राजाजीनगरच्या घरात पुन्हा यादीवाचन होतं, आणि स्मृतीची आई वसुमती सकाळपासून पेंगत होती.

तिला गेले दोन महिने नीट झोप नव्हती. परीक्षा मुलीनं दिली आणि जाग आईला लागली, अशी तिची थट्टा चालायची. पण झोप न मिळालेल्या माणसाला दिवसाच एक वेगळं जग दिसू लागतं. जुलैतला बेंगळुरी उजेड, सकाळ आणि दुपार सारखीच राखाडी, त्या उजेडात भांडी, माणसं, दारातलं होंगेचं, म्हणजे करंजाचं, झाड, सगळं किंचित लांब गेल्यासारखं तिला दिसे. कुकरची शिट्टी दुसऱ्या कुणाच्या घरातून आल्यासारखी वाटे. ती बीन्स निवडत होती, आणि बीन्स संपल्यावरही थोडा वेळ निवडतच राहिली.

"वहिनी, झोपा जरा," रणजीत म्हणाला. तो तुमकूरहून सकाळच्या रेल्वेनं आला होता. चेहरा असा होता, की कुणी काही बोललेलं नसतानाही त्याला लागलंय.

"झोपते की, भावजी. पाच वाजू देत," ती म्हणाली.

अकरा वाजता जयसिंगरावांनी समोरच्या खोलीत सतरंजी घातली. यादीवाचनाची या घराची रीत ठरलेली होती. एक नाव मोठ्यानं वाचायचं आणि थांबायचं. मग जमलेल्या प्रत्येकानं 'सरी' म्हणायचं, म्हणजे ठीक, मान्य. कन्नडमधला हा शब्द या घरात कधी शिरला कुणास ठाऊक, पण मराठीत तितका पक्का होकार त्यांना सापडला नव्हता. मुलीच्या आईबापांची सरी शेवटी. ती आली की नाव पक्कं, मग खाडाखोड नाही. वसुमतीच्या लग्नाची पत्रिका निपाणीला तिच्या माहेरी अशीच वाचली गेली, तेव्हा तिच्या वडिलांनी सरी म्हणायच्या आधी पाणी मागितलं होतं आणि तांब्याभर पाणी सावकाश संपवलं होतं. सगळे ताटकळले होते. अजूनही या घरात कुणी उत्तर द्यायला वेळ लावला, की 'निपाणीचं पाणी पितोय' म्हणून हसत.

सतरंजीवर जयसिंगरावांच्या उजवीकडे रघुनंदन बसला, त्यांचा थोरला मुलगा, स्मृतीचा बाप. रोज व्हाइटफील्डला जायला दोन तास, यायला दोन तास, त्यामुळे तो रविवारीही कुठल्यातरी गाडीत बसल्यासारखा बसे. मांडीवर लॅपटॉप आणि त्यात गेल्या तीन वर्षांचे रँक रंग भरून लावलेले. डावीकडे अहल्याअक्का, जयसिंगरावांची थोरली बहीण. ती कोरमंगलात मुलींचं पीजी चालवायची. बेचाळीस मुली, आणि रोज संध्याकाळी बेचाळीस आयांचे फोन. दाराजवळ चौकटीला पाठ लावून स्मृती. सतरा वर्षांची, लांब हातापायांची, आणि नेहमी बाहेर बघणारी.

"मागच्या टायमाला चुकलं," जयसिंगराव चष्मा पुसत म्हणाले. "मी नुसता मान दिला होता. पोरीला तिथं पाठवा म्हणून कोण सांगितलं?"

"माझं कॉलेज काढूनच टाका की अण्णा," रणजीत म्हणाला. "मला काय त्याचं."

"काढायचं कशाला? खाली घेऊ या स्वल्प."

"स्वल्प म्हणजे किती?"

"अरे, राग येणार नाही इतकं खाली," अक्का म्हणाली, आणि रघुनंदनाला हसू आलं, ते त्यानं लॅपटॉपमध्ये लपवलं.

वाचन सुरू झालं. या वेळी वर सगळी बेंगळुरातली कॉलेजं होती, आणि प्रत्येकापुढे कॉम्प्युटर सायन्स. हे रघुनंदनाचं काम होतं. अक्काची त्याला साथ होती, कारण चौथं कॉलेज तिच्या पीजीपासून चालत सात मिनिटांवर होतं. सरी, सरी, सरी. तुमकूर अकरावं आलं. रणजीतनं त्याला स्वतःच सरी म्हटलं, जरा जास्त मोठ्यानं. स्मृती प्रत्येक नावाला सरी म्हणत होती. तिचा आवाज सतरंजीपर्यंत येईतो विरून जात होता.

एकतिसावं, शेवटचं नाव वाचताना जयसिंगराव थांबले, चष्मा नीट केला आणि सावकाश वाचलं, "सिरसी. वनशास्त्र."

सिरसी म्हणजे रात्रभराची बस. सिरसी म्हणजे घाटातलं रान, जळवा, आणि पावसाळ्यात चार-चार दिवस न वाळणारे कपडे. आठवीपासून ही पोर राजाजीनगरातल्या झाडांची वही ठेवत होती, कोणतं कधी फुललं, कोणतं महापालिकेनं तोडलं. सिरसीला तिचा नंबर सहज लागत होता, हे रघुनंदनाच्या रंगांतच दिसत होतं. नाव यादीत आलं होतं तेही तिनं एकदाच, मान खाली घालून सांगितलं म्हणून.

"शेवटी हाय ना, मग असू दे," अक्का म्हणाली. "सरी."

सगळ्यांनी म्हटलं. वसुमतीनंही म्हटलं, आणि म्हणताना तिला इतकं हलकं वाटलं, की तिला स्वतःचीच लाज वाटली. एकतिसावं नाव. वरच्या तिसांतलं एक ना एक मिळणारच. मुलगी घरात राहणार. मामंजींनी परस्पर निकाल लावला होता, आणि तिला हात काळे करावे लागले नव्हते.

तिनं दाराकडे पाहिलं. स्मृती सरी म्हणून झाल्यावर उठली होती आणि होंगेच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली होती.

रघुनंदनानं ही यादी वेबसाइटवर भरली, जेवणं झाली, आणि घर झोपलं. अक्का देवघरासमोर, रणजीत सतरंजीवरच, रघुनंदन खुर्चीत तोंड उघडं टाकून. पंख्याचा आवाज आणि पलीकडच्या घरातला रेडिओ. वसुमती मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसली आणि तिचा डोळा लागला न लागला, तोच ती एका मोठ्या हॉलमध्ये होती. तिथं बाकांच्या रांगा होत्या, आणि बाकांना पानं फुटत होती. परीक्षा संपल्याची घंटा झाली होती, पेपर तिलाच गोळा करायचे होते. स्मृती सगळ्यात मागच्या रांगेत होती, आणि रांग मागे मागे जात होती. वसुमतीला मुळीच भीती वाटत नव्हती. उलट तिथं फार छान गारवा होता. फक्त हातात पेपरांचा गठ्ठा होता, म्हणून तिला पळता येत नव्हतं.

जाग आली तेव्हा तीन वाजले होते. मांडीवर पेपर नव्हते, जयसिंगरावांचा नमुन्यांचा अल्बम होता. शेजारच्या कपाटातून तिनं तो कधी काढला तिला आठवेना. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या पत्रिका ओळीनं चिकटवलेल्या, हळदीच्या रंगाच्या, गुलाबी, एक चक्क मोरपंखी. तिची स्वतःचीही होती. वर कुलस्वामिनी, मग वडीलधाऱ्यांची फौज, तिच्या वडिलांचं नाव, आणि अगदी तळाशी वेलबुट्टीत, बाकी सगळ्यांपेक्षा मोठ्या टायपात, एक ओळ. 'आमच्या रघुकाकाच्या लग्नाला नक्की यायचं हं.' खाली चार पोरांची नावं.

"ती ओळ मी सगळ्यांत शेवटी जुळवायचो," दारातून आवाज आला. जयसिंगराव उठले होते. ते येऊन स्टुलावर बसले. "हात तापल्यावर. वरची नावं कुणीपण जुळवतंय गे. ती रुसणाऱ्यांसाठी असतात. पण पत्रिका हातात पडली की माणूस आधी काय वाचतंय? खालची पोरांची ओळ. मी बघितलंय की. चिकपेटेत गिऱ्हाईक प्रूफ घ्यायचं ते आधी खाली बघून हसायचं, मग वर मान तपासायचं."

"हो मामंजी," वसुमती म्हणाली.

"म्हणून पोरीची सिरसी तिथं ठेवली." ते अल्बमवर बोट फिरवत होते. "वर तुमचं कॉम्प्युटर, जुनी कॉलेजं, रणजीत, सगळ्यांचा मान झाला. आणि जीव जिथं हाय ते खाली, एकटं, ठसठशीत. बघणाऱ्याला लगेच कळतंय, हिला हे पायजे. पण पोर माझ्याशी बोलंना. ताण असंल परीक्षेचा."

वसुमतीला आधी समजलंच नाही, आणि समजलं तेव्हा ती पूर्ण जागी झाली. या माणसानं सिरसी गाडली नव्हती. त्यांनी ती यादीतल्या सगळ्यांत लाडक्या जागी नेऊन ठेवली होती. कुणीतरी वेबसाइट उघडून तळाची ओळ वाचेल, हसेल आणि नातीला तिथं पाठवेल, अशा भरवशानं ते गेला आठवडा शांत झोपत होते.

हे तिच्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

ती गप्प राहिली असती तर काहीच घडलं नसतं. पाच वाजता यादी बंद झाली असती. मामंजींना वाटलं असतं, नशीब. स्मृतीला वाटलं असतं, अज्जांनीच अडवलं. आणि वसुमतीची मुलगी पुढची चार वर्षं संध्याकाळी सहाला चपला काढून 'आई, काय आहे खायला' म्हणत घरात आली असती. वसुमतीला ती जायला नको होती. याला दुसरं काही कारण नव्हतं, रान नव्हतं, जळवा नव्हत्या, नोकरीची काळजीही नव्हती. ती वीस वर्षांची असताना निपाणीहून आली, त्यानंतर आईच्या घरी सलग पंधरा रात्री कधी राहिली नाही. गेलेली मुलगी पाहुणी म्हणून परत येते, हे तिला आतून माहीत होतं. आणि गेल्या तीन दिवसांत तिनं काय केलं, हेही फक्त तिला माहीत होतं. ओटीपी तिच्या फोनवर यायचा. दुपारी घर रिकामं असताना तिनं सातदा यादी उघडली होती, सातदा सिरसी थोडी वर घेतली होती आणि सातदा परत खाली सोडली होती.

बाहेर होंगेच्या झाडाखाली स्मृती पुन्हा जाऊन उभी होती. खोडावर तळहात ठेवून, काही न करता.

"मामंजी," वसुमती म्हणाली. "या यादीत वरचं आधी देतात. वरचं मिळालं की खालचं कुणी वाचत नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे तिथवर कुणी पोचतच नाही."

जयसिंगरावांनी अल्बम मिटला. मग परत उघडला. त्यांचा खालचा ओठ लहान मुलासारखा पुढे आला होता.

"सेहेचाळीस वर्षं," ते म्हणाले. "एक नाव चुकलं न्हाई माझं." मग म्हणाले, "वर घे, वसू. मला ते यंत्र येत न्हाई. तू घे."

तिनं लॅपटॉप आणला. ओटीपी टाकला. एकतिसाव्या नावापुढे वर जाणारा छोटा बाण होता, एकदा दाबला की एक पायरी. तिनं दाबला. सिरसी तिसावी झाली. मंगळूर खाली सरकलं. पुन्हा. हासन. पुन्हा. खिडकीशी बसून रात्रीच्या बसनं जाताना गावांच्या पाट्या मागे जातात तशी नावं जात होती, आणि वसुमतीला वाटलं, आपणच त्या बसमध्ये आहोत आणि मांडीवर मुलीची पिशवी आहे. मैसूर. दावणगेरे. तुमकूर आलं तेव्हा जयसिंगराव म्हणाले, "त्याला सिरसीच्या खालीच ठेव, लगेच खाली." तसं केलं तर तुमकूर दुसरं झालं असतं, पण ती नुसतं हो म्हणाली. बसवनगुडी गेलं. शेवटी सगळ्यांत जुनं कॉलेजही एक पायरी उतरलं. ते कधीच येणार नव्हतं, त्याला राग येण्याचा प्रश्न नव्हता.

"आता वाचायला पायजे," जयसिंगराव म्हणाले. "सरी घेतल्याबिगर पक्कं न्हाई."

सव्वाचार वाजता सगळे डोळे चोळत पुन्हा सतरंजीवर आले. रघुनंदनानं पडदा पाहिला आणि त्याची झोप उडाली.

"हे कुणी केलं?"

"मी," जयसिंगराव म्हणाले. "माझी चूक होती. मी दुरुस्त करतो."

"अण्णा, हा खेळ न्हाई. कॉम्प्युटर मिळतंय तिला. इथं. घरात राहून."

"घरात राहून," अक्का म्हणाली. सकाळी त्याच्या बाजूची अक्का आता सतरंजीवर थोडी सरकून बसली होती. "रघू, तू पोरीला रोज किती वेळ बघतोस? खरं सांग."

रघुनंदन लॅपटॉपवरचे रंग वरखाली करू लागला.

"माझ्याकडं बेचाळीस पोरी हायत. मनाविरुद्ध आलेली कोण, मला पहिल्या आठवड्यात कळतंय. ती बॅग उघडत न्हाई. लागेल तसा एक-एक ड्रेस काढती आणि चेन लावून टाकती. वर्ष-वर्ष तसंच." ती स्मृतीकडे बघून म्हणाली, "ही बया इथं आपल्या घरात बॅगेची चेन लावून बसंल. मी म्हणते सरी."

"सरी," रणजीत म्हणाला, आणि घाईनं पुढे म्हणाला, "पण तिथं न्हाई जमलं तर तुमकूर हाय. मी हाय."

"सरी," जयसिंगराव म्हणाले.

स्मृती दारातच होती. तिनं आईकडे पाहिलं.

"आई, राहू दे," ती हळूच म्हणाली. "माझं चालेल. तू सात वेळा उघडलीस यादी. तुझ्या फोनवर मेसेज दिसले मला. मी मोजले."

पोरीनं तीन दिवस ते मोजत काढले होते, वर की खाली, वर की खाली, आणि एकदाही विचारलं नव्हतं.

"तू तुझं सांग," ती म्हणाली.

"सरी," स्मृती म्हणाली. या वेळी तो शब्द सगळ्यांना ऐकू आला.

रघुनंदनानं आपले रंग एकदा खालपासून वरपर्यंत पाहिले. मग त्यानं लॅपटॉप हळूच बाजूला सरकवला. "सिरसीला मोबाइलला रेंज असती काय?" त्यानं विचारलं, आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाला, "असंल. सरी."

आता एकच उरली. पाच वाजायला वीस मिनिटं होती. सगळ्यांचे चेहरे वसुमतीकडे वळले, तशी खोली पुन्हा किंचित लांब गेली. भिंती, पंखा, रणजीतचा मोजा, सासऱ्यांचा चष्मा. निपाणीची पडवी होती, आणि खांबाला टेकून तिचे वडील बसले होते. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि ते कुणाकडेच बघत नव्हते. इतकी वर्षं ती त्या गोष्टीला सगळ्यांबरोबर हसत आली होती.

"स्मृती," ती म्हणाली, "मला पाणी आण."

कुणी हसलं नाही. स्मृतीनं तांब्या भरून आणला. वसुमतीनं भांडं घेतलं नाही. तांब्याच तोंडाला लावला आणि सावकाश, मध्ये दम घेत, सगळं पाणी संपवलं. जयसिंगराव घड्याळाकडे न बघता बसून राहिले.

तिनं तांब्या खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

"सरी," ती म्हणाली.